गाण्यांतली नवरीची आई

शकूला तुम्ही कधी ना कधी पाहिलेलं असणार. नावाने ओळखत नसाल, ते सोडा. पण पनवेल, उरण, कर्जत, कल्याण, यांतल्या कुठल्याही बाजूच्या हळदीला गेला असाल आणि मांडवात मोठ्या पडद्यावर आगरी गाणी लागली असतील, तर एखाद्या गाण्यात नवरी पाटावर बसलेली असते. पुढे एक सावळी, रुंद कपाळाची बाई आंब्याच्या पानाने तिच्या पावलांना हळद लावते, पदराचं टोक डोळ्याला लावते, आणि तेवढ्यात गाणं नवऱ्याच्या गाडीकडे पळतं. ती बाई म्हणजे शकू. तिला पुरतं बघायला मिळालंय असं माझ्या ओळखीत कुणीच नाही, कारण गाणं तिच्यासाठी कधी थांबतच नाही.

मी सुचेता. कर्जतच्या बाजारपेठेत आमचं दुकान आहे. सासऱ्यांच्या काळात तिथे रेडिओ दुरुस्त व्हायचे, मग माझ्या नवऱ्याने, देवव्रतने, कॅसेटी ठेवल्या, मग व्हीसीडी ठेवल्या. दुकानाचा अर्धा भाग मी लग्नानंतर भांडून घेतला. तिथे बांगड्या, खोटे दागिने आणि भाड्याच्या नऊवारी साड्या. शाळेचं गॅदरिंग असो, नाटक असो की शूटिंग, सगळी सोंगं माझ्याकडूनच सजून जातात. देवव्रतचं एक ठाम मत आहे की गाणं ऐकायची वस्तू आहे, बघायची नाही. हे मत तो गेली तीस वर्षं, अगदी गाण्यांच्या व्हीसीडी विकत होता तेव्हासुद्धा, मांडतोय, म्हणून मी त्याच्याकडे लक्ष देत नाही.

आमच्या भागात गाणी दिसायला लागली ती लग्नाच्या कॅसेटींतून. खालापूरकडचा साईनाथ तेव्हा खांद्यावर मोठा कॅमेरा घेऊन लग्नं करायचा. मागे एक पोऱ्या झगझगीत हॅलोजन धरून उभा, आणि त्या उजेडात डोळे मिचकावणारी वऱ्हाडी मंडळी. कॅसेट पनवेलला मिक्सिंगला जायची. परत यायची तेव्हा नवरा-नवरी बदामात बसून आकाशात उडत असायची, मागे सिनेमातलं गाणं, आणि आजूबाजूला गुलाब गोल गोल फिरत असायचे. लोक ती कॅसेट पुन्हा पुन्हा लावायचे. साईनाथच्या डोक्यात तिथेच किडा वळवळला. तो म्हणाला, दुसऱ्यांच्या गाण्यांवर आपली माणसं किती दिवस उडवायची? आपलं गाणं, आपली माणसं, आपली नदी.

पहिली व्हीसीडी त्याने काढली ती दोन हजार तीन साली, उल्हासच्या काठावर. नाचणाऱ्या आठ बायका हव्या होत्या. साड्या माझ्या, पोपटी, सगळ्या एकसारख्या, आणि त्या शाबूत परत आणायच्या म्हणून मी जातीने हजर. बायकांना आणायला टेंपो केला होता तो विठूचा. विठू म्हणजे शकूचा नवरा, कर्जतहून चौक गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका खेड्यातला, भाताची थोडी जमीन आणि हा टेंपो. ऐन वेळी आठातली एक बाई आलीच नाही. साईनाथ डोक्याला हात लावून बसला, तर विठू म्हणाला, "त्यात काय रं, माझी बायको नाचंल. लग्नात तिच्यापुढं कोन टिकत नाय." आणि टेंपो घेऊन जो गेला, तो शकूला शेतावरून उचलूनच घेऊन आला. तिच्या कडेवर दोन वर्षांची पोर होती, रुचिता. ती माझ्या मांडीवर आली आणि शकू पोपटी साडी नेसून पाण्यात उतरली.

शूटिंगला कुणी गात नाही, हे मला त्या दिवशी कळलं. गाणं आधीच कुठेतरी बंद खोलीत रेकॉर्ड झालेलं असतं. इथे ते नुसतं वाजवायचं, त्याला ट्रॅक म्हणतात, आणि त्याच्यावर तोंडं हलवायची, हात-पाय हलवायचे. त्या दिवशी टेपरेकॉर्डर विठूच्या टेंपोच्या बॅटरीवर लावला होता. दुपारपर्यंत बॅटरी उतरली आणि गाणं रडकुंडीला आलं. बाया बिचाऱ्या त्याच चालीत, पेंगत पेंगत नाचल्या. व्हीसीडी आली तेव्हा गाणं धावतंय आणि बाया सावकाश चालल्यात, असा प्रकार होता. कुणी तक्रार केली नाही. देवव्रतने सुद्धा नाही, कारण तीनशे व्हीसीडी आठवड्यात संपल्या. कव्हरवर शकूचा अर्धा चेहरा आला होता. विठूने ते कव्हर टेंपोच्या काचेला आतून चिकटवलं आणि वर्षभर तसंच फिरवलं.

मग ती नाचतच राहिली, चार-पाच वर्षं. दोन पिकांच्या मधल्या दिवसांत शूटिंग. धबधब्याखाली, भातखाचरात, चौकच्या एका ढाब्यामागच्या बागेत. आघाडीची नव्हती कधी, दुसऱ्या रांगेत डावीकडे. पण चेहऱ्यावर हसू असं, की बघणाऱ्याची नजर तिथेच जायची. विठू प्रत्येक वेळी टेंपो घेऊन यायचा आणि कॅमेऱ्यामागे उभा राहून हातवारे करायचा, म्हणून साईनाथ त्याच्यावर खेकसायचा.

दोन हजार अकरात चौकजवळ जुन्या हायवेवर विठूचा टेंपो उलटला. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. रुचिता तेव्हा दहा वर्षांची होती.

त्याच सुमाराला व्हीसीडीही गेल्या. लोक मोबाइलचं मेमरी कार्ड घेऊन दुकानात यायचे. "आगरी भर, थोडी भजनं भर, जागा उरली तर हिंदी भर." देवव्रत कॉम्प्युटरपुढे बसून वाण्याने पुड्या बांधाव्यात तशी गाणी भरून द्यायचा. साईनाथची गाणी फुकटात फिरायला लागली, तेव्हा नवीन काढणार कोण? तो पुन्हा लग्नांकडे वळला. शकू शेत करायची, आणि जवळच्या एका फार्महाऊसवर स्वयंपाकाला जायची. दुकानात यायची ती रुचितासाठी रिबिनी घ्यायला. बांगड्यांच्या काउंटरकडे बघायची नाही.

मग यूट्यूब आलं आणि सगळं परत जिवंत झालं. ह्या वेळी गाणी नदीवर नाचायची नव्हती, हळदीची होती. कुणी ठरवलं कोण जाणे, पण आमच्या भागात गाणं म्हणजे हळद आणि हळद म्हणजे गाणं, असं समीकरणच झालं. कॅमेरा मुठीत मावायला लागला आणि ड्रोन डोक्यावर घोंघावायला लागला. फार्महाऊस भाड्याने घ्यायचं, झेंडूच्या माळा सोडायच्या, एक नवरी, एक नवरा, पंचवीस नाचणारे. आणि साईनाथला पाहिजे होती नवरीची आई. त्याने शकूला विचारलं.

ती माझ्या दुकानात येऊन बसली. म्हणाली, "वैनी, तो बोलतो कुंकू लावाया लागंल, हिरवा चुडा भराया लागंल."

मी म्हटलं, "मग भर. त्यात काय?"

तुम्हाला माहीत असेल किंवा नसेल, तिच्या घरात विधवा हळदीला हात लावत नाहीत. आम्हा बाजारपेठेत राहणाऱ्यांकडे हे नाहीच असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे बोलत नाहीत, नुसतं बोलावणं विसरतात. शकूला तिचं तेच जुनं हसू आलं. "पिक्चरमदी मानूस मरतो आनि दुसऱ्या पिक्चरमदी नाचतो. मंग मी काय घोडं मारलंय?" असं म्हणून तिने हात पुढे केले. मी चुडा भरला.

तेव्हापासून ती गाण्यांतली नवरीची आई झाली. किती मुलींना तिने हळद लावली त्याचा हिशेब नाही. शूटिंगची हळद खरी नसते, बेसनात खायचा पिवळा रंग कालवलेला असतो, कारण खऱ्या हळदीने माझ्या साड्यांची वाट लागते आणि मग मी साईनाथची लावते. पण तिच्या डोळ्यांतलं पाणी खरं असायचं. साईनाथ म्हणायचा, ग्लिसरिनची बाटली घ्यायला लागत नाही, शकूताय आहे. पॅकअप झालं की ती थेट दुकानात यायची, मागच्या नळावर कपाळ घासून धुवायची आणि चुडा उतरवून माझ्या हातात द्यायची. मी चिडायचे. "राहू दे की गं संध्याकाळपर्यंत. छान दिसतोय." ती म्हणायची, "नको वैनी. गावात नको." हे इतक्या वेळा झालं की मी बोलायचं सोडून दिलं, पण मला ते कधी आवडलं नाही.

आणि एक गंमत झाली. गाणी लग्नांवरून काढली होती, आता लग्नं गाण्यांवरून व्हायला लागली. मुली मोबाइल काढून दाखवायच्या, "काकू, ह्यातल्यासारखी नथ." नवरी मांडवात कशी शिरणार, फुलं कुठून पडणार, सगळं गाण्याबरहुकूम. नेरळच्या एका लग्नात तर मी डोळ्यांनी पाहिलं, खऱ्या नवरीची खरी आई पदराचं टोक डाव्या डोळ्याला लावून, मान किंचित वळवून रडत होती. ती लकब शकूची. मी तिला सांगितलं तर पोट धरून हसली.

अलीकडे रील आली आणि शकूचं काम आणखी कापलं गेलं. चौकट उभी झाली ना. उभ्या चौकटीत नवरी मावते, आई मावत नाही. हळद लावणारा हात फक्त येतो, मनगटापर्यंत. साईनाथला त्याचं वाईट वाटायचं, शकूला काही नाही. ती म्हणायची, "बरं हाय, रडाया लागत नाय."

ह्या वर्षी रुचिताचं लग्न ठरलं. मुलगा नेरळचा, ऋतिक नावाचा, रेल्वेत कामाला. रुचिता खालापूरला एका वकिलांच्या कचेरीत टायपिंग करते आणि वकिलांपेक्षा जास्त वाद घालते. लग्नाच्या महिनाभर आधी दोघी मायलेकी चुड्याचं माप द्यायला दुकानात आल्या आणि माझ्या काउंटरवरच जुंपली.

"वैनी, तुमी सांगा हिला," शकू म्हणाली. "येड लागलंय. बोलते, पयली हळद आईनीच लावायची."

"मग कोण लावणार?" मी विचारलं.

"थोरली जाऊ लावील. ती मोठी हाय, तिचा मान हाय."

"काकीला लावू दे की," रुचिता म्हणाली. "माझं काय म्हननं नाय. तिनं मला लहानाची मोठी केली. पन पयली तुझी. तू त्या हर्षलाला लावलीस ना गान्यात? तिचं पुढं खरं लग्न झालं, दोन पोरं हायत, नेरळला पार्लर हाय. तिला काय झालं?"

"ती खोटी हळद व्हती. बेसन."

"आनि माझी खरी हाय म्हनून नाय लावनार?"

शकूने तिच्याकडे बघितलंच नाही. बांगड्यांच्या डब्यात बोट घालून बसली. मग हळूच म्हणाली, "तुझा बाप ज्या दिवशी टेंपो घेऊन शेवटचा गेला, त्या दिवशी मीच कुंकू लावून पाठवला व्हता. ह्या हातानी. तुला काय झालं तर मी कुठं जाऊ?"

मी इतकी फटकळ बाई, पण त्या दिवशी मुकाट्याने मापं घेतली. थोरल्या जावेवर राग काढावा तर तीही वाईट नव्हती. विठू गेल्यावर शकूच्या खाचरांत आधी भाताची आवणी तिने करून दिली आणि मग स्वतःच्यात. तिने कधी शकूला नको म्हटलंच नव्हतं. म्हणायची वेळच आली नव्हती. शकू आपणच दूर उभी राहायची.

चार दिवसांनी रुचिता एकटी आली.

"काकू, आईसाठी एक चुडा पाहिजे भाड्यानी. साडी पन. साईनाथमामा गानं करतो, माझंच, लग्नाच्या आधी. आजकाल सगळे करतात. त्यात मी नवरी, आई नवरीची आई. त्याला ती नाय बोलनार नाय."

मी तिच्याकडे नीट बघितलं. "आणि हळद?"

"हळद घरची. मी दळली."

माझ्या तेव्हा लक्षात आलं. मुलीने आईला गाण्यात बसवून हळद लावून घ्यायची ठरवलं होतं. ह्याला बनवाबनवी म्हणतात. मी तसं तिला म्हणालेसुद्धा. ती म्हणाली, "म्हना काय म्हनायचं ते. तुमी येताय ना?" मी काय, एका पायावर तयार.

एकाच ठिकाणी घोडं अडणार असं मला वाटत होतं. रुचिताला गौराबाई हवी होती. गौराबाई धवलारीण आहे. आगरी लग्नात हळदीपासून सगळे विधी धवलारीण गाऊन पार पाडते, तिच्या गाण्याला धवला म्हणतात, आणि तिचा मान भटजीपेक्षा कमी नाही. ह्या गौराबाईकडे साईनाथ मागे एकदा गेला होता, गाण्यात दोन ओळी गा म्हणून. तिने त्याला चहा पाजला आणि विचारलं, "नवरी कोन?" हा म्हणाला, "तशी कोन नाय, नटी हाय." "मंग धवला कुनाचा?" असं म्हणून ती गोठ्यात निघून गेली. पुढे कुणा धवलारणीला विचारायची साईनाथची हिंमत झाली नाही.

रुचिताने तिला सगळं खरं सांगितलं. गौराबाई म्हणाली, "हळद खरी, नवरी खरी, आई खरी. मंग गाईन. पन माझा नेम ठाव हाय ना? एका नवरीला एक धवला एकदाच. परत नाय गानार." रुचिताने मान डोलावली. त्या नेमाचं पुढे काय होणार ह्याचा विचार तिने केला नसावा. मी तर नक्कीच केला नव्हता.

शूटिंग खालापूरकडच्या एका फार्महाऊसवर, सकाळी. आंब्याखाली पाट, झेंडू, तांब्याचे हंडे, सगळं गाण्यासारखं. मी शकूला साडी नेसवली, चुडा भरला, कुंकू लावलं. ती खुशीत होती. लेकीबरोबर गाण्यात यायचं म्हणून आदल्या दिवशी केसांना मेंदीसुद्धा लावली होती. गौराबाईला बघून म्हणाली, "आत्याबाय, तुमी पन तोंड हलवनार का आता?" गौराबाई विड्याचं पान जुळवत बसली.

रुचिता पिवळ्या साडीत पाटावर बसली. शकू समोर बसली, वाटी घेतली, आणि तिने बोट बुडवून नाकाशी नेलं.

"ही खरी हळद हाय, साईनाथ."

"रंग बरा येतो, ताय. नवीन कॅमेरा हाय," साईनाथ म्हणाला. खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात, ते मला दिसले, तिला दिसले नाहीत.

"वैनी, साडीची वाट लागंल हां. मंग माझ्या नावानी ओरडू नका." तिने आंब्याचं पान घेतलं, हळदीत बुडवलं आणि सवयीने थांबली. ट्रॅक सुरू व्हायची वाट बघत.

ट्रॅक लागला नाही. गौराबाई गायला लागली. तिचा आवाज काही गोड नाही, चिरका आहे, पण त्या अंगणात तो सरळ छातीवर येऊन बसला.

*पयली हळद गं कुनाची,*
*जलम दिला तिच्या हाताची.*

शकूचा हात हवेतच राहिला. तिने गौराबाईकडे बघितलं, मग साईनाथकडे. "ट्रॅक लाव रं," ती म्हणाली.

"ट्रॅक नाय, ताय."

तिने माझ्याकडे बघितलं. मी कधी नव्हे ती जमिनीकडे बघायला लागले. मग तिने लेकीकडे बघितलं. रुचिता, ती वाद घालणारी पोर. तिने फक्त साडी घोट्यापर्यंत सारली आणि पाय पुढे केले.

"तुमी सगळ्यांनी मिळून मला फशिवली," शकू म्हणाली. पान वाटीत टाकून ती उठायला लागली. गुडघ्यावर आली आणि तिथेच अडकली.

गौराबाई तीच ओळ गात होती. धवल्याचं असंच असतं, ज्याला जे करायचं ते होईपर्यंत धवलारीण पुढच्या ओळीला जात नाही. नवरीचा मामा पान आणायला गेला तर तो येईपर्यंत मामाचीच ओळ. इतकी वर्षं शकूने ट्रॅकवर काम केलं होतं. ट्रॅक पुढे निघून जायचा, हात चुकला तर साईनाथ ओरडायचा, परत पहिल्यापासून. इथे गाणं तिच्यासाठी थांबलं होतं. पयली हळद गं कुनाची. परत. पयली हळद गं कुनाची. कुणी तिला घाई करत नव्हतं, कुणी समजावतही नव्हतं. माझ्या जिभेवर दहा वाक्यं आली होती. बरं झालं मी ती गिळली.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. शकू रडत होती, पण गाण्यातल्यासारखी नाही. नाक गळत होतं, तोंड वेडंवाकडं झालं होतं, पदराची आठवणसुद्धा नव्हती. साईनाथने कॅमेरा आणखी जवळ आणला. त्याचाही इलाज नसावा, इतक्या वर्षांत असं त्याला कुणी दिलं नव्हतं.

"खरी हाय ना ही हळद?" शकू म्हणाली. "मंग बंद कर ते."

"ताय, एकदाच येनार हे..."

"बंद कर, साईनाथ."

त्याने कॅमेरा बंद केला आणि झाकण लावून गवतात ठेवला. ड्रोनवाला पोरगाही मागे सरला. शकूने पान नाही घेतलं. वाटीत आख्खा हात घातला आणि लेकीच्या पायांना हळद लावली, नखांना, घोट्यांना, गुडघ्यांना, मग खांद्यांना, मग कपाळाला. लहान पोराला तेल चोळावं तशी, जोर लावून. रुचिता हुंदके देत होती आणि शकू तिला ओरडत होती, "हलू नको. हलू नको बोलते ना." गौराबाई तेव्हा कुठे ती ओळ सोडून थांबली.

ते गाणं झालं नाही. साईनाथकडे त्या सकाळचं जे काही आहे ते शकूने कॅमेरा बंद करायला लावला तिथपर्यंतच आहे, आणि तो ते कुणाला दाखवत नाही. शकूने दुकानात येऊन कपाळ धुतलं, चुडा उतरवला. मी वाटच बघत होते की आज ठेवेल, नाही ठेवला. म्हणाली, "वैनी, कुनाला बोलू नका. थोरलीला वाईट वाटंल." हळदीने माझी साडी गेली ती गेलीच. मी तिच्या नावाने ओरडले नाही.

खरी हळद आठवड्याने, संध्याकाळी, शकूच्या अंगणात. मांडव भरलेला, नेरळहून ऋतिकची उष्टी हळद घेऊन त्याच्याकडच्या बायका आलेल्या, पडद्यावर गाणी लागलेली आणि त्यातल्या एका गाण्यात शकू कुणातरी परक्या मुलीच्या पायाला बेसन लावत होती. खरी शकू फिकट साडीत, मोकळ्या कपाळाने, मांडवाच्या पार मागच्या खांबाला टेकून उभी. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. नेरळच्या दोन बायका तिच्याकडे बघून एकमेकींना खुणावत होत्या. त्यांनी गाण्यातली बाई ओळखली होती आणि ती मागे का उभी आहे, तेही ओळखलं होतं. मला त्यांची कणव सहन होईना, मी ताठ मान करून त्यांच्याकडे बघितलं.

विधी सुरू करायचा म्हणून पडदा बंद केला. रुचिता पाटावर बसली. थोरली जाऊ नवी साडी नेसून, वाटी घेऊन पुढे झाली, पान बुडवलं आणि थांबली. गौराबाईने गळा खाकरला.

*दुसरी हळद गं कुनाची,*
*काकी मायेच्या सावलीची.*

थोरलीचा हात थबकला. बायकांत कुजबुज झाली. कुणीतरी म्हातारी मोठ्याने म्हणाली, "गौराबाय, पयली ऱ्हायली."

"पयली झाली," गौराबाई म्हणाली. "एका नवरीला एकदाच. मी परत नाय गात."

"झाली? कदी झाली? कुनी लावली?"

गौराबाईने तोंड मिटलं. ते सांगणं तिचं काम नव्हतं. रुचिता पाटावरून मान वळवून मागे बघत होती, आणि मग एकेक करून सगळा मांडव मागे बघायला लागला. मी शकूचा दंड धरला होता. तिने फक्त गप्प राहायचं होतं. म्हातारी गौराबाई वयाने चुकली असं म्हणून सगळ्यांनी ते पुसून टाकलं असतं.

शकूने माझा हात सोडवला आणि खांबापासून पुढे आली.

"मी लावली," ती म्हणाली. "माझी पोर हाय."

थोरली तिच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला अजून सांगता येत नाही, राग होता, आणि राग नव्हताही. हातातल्या पानावरून हळद टपटप तिच्या नव्या साडीवर पडत होती. गौराबाई दुसरी ओळ धरून गात होती, वाट बघत.

मग थोरली रुचितापुढे खाली बसली आणि तिने तिच्या पायाला दुसरी हळद लावली.